खुद्रीचे नामकरण करणारे कर्नल साइक्स

धारवाड हे शहर पाणलोटाच्या धारेवर वसलेले आहे. तेथील सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला पश्चिमेची वाट धरते आणि बेडती-गंगावळीच्या प्रवाहातून अरबी समुद्राला मिळते. हुबळीकडचा बेण्णीहळ्ळ मात्र मलप्रभेकडे जातो, तेथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. एकाच जोडशहराच्या छपरांवर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. म्हादईच्या वादामुळे गोमंतकीयांना हुबळी-धारवाडची तहान आणि मलप्रभेचे नाव चांगलेच परिचयाचे झाले आहे. या प्रदेशाची, त्यातील माणसांची आणि पिकांची पहिली पद्धतशीर सरकारी मोजणी करणारा गृहस्थ मात्र आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. नद्यांतील माशांना मराठी नावांनी जगाच्या शास्त्रात दाखल करणाराही तोच. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतबाहेर, १८०३ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात त्यांची उमेदवार म्हणून नेमणूक झाली आणि ते मुंबई इलाख्याच्या फौजेत आले. आजच्या हिशेबाने आठवी-नववीतला मुलगा. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांच्या हाताखाली भरतपूरच्या वेढ्यात ते होते. हा वेढा इंग्रजांच्या पदरी अपयश घालून गेला, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढील काही वर्षांत या तरुण अधिकाऱ्याने हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. कंपनीचे बहुतेक अधिकारी हुकूम सोडण्यापुरती भाषा शिकत. साइक्स यांची मराठी त्यापुढे गेली होती, याची साक्ष त्यांच्या पुढील कामात मिळते.

१८१७-१८ मध्ये खडकी आणि पुण्याच्या लढायांत ते पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने लढले. त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही ते होते. ज्या मुलखाची पुढे त्यांनी इतक्या आस्थेने नोंद केली तो मुलूख जिंकून घेण्यात त्यांचा हात होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १८१९ मध्ये ते कॅप्टन झाले आणि १८२० मध्ये रजा घेऊन युरोपला गेले. तेथील प्रवासात चार वर्षे काढून १८२४ मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना एक नवीनच काम दिले. पेशव्यांकडून आलेल्या दख्खनचा संपूर्ण सांख्यिकी वृत्तांत त्यांनी तयार करावयाचा होता. त्यांचे पदच स्टॅटिस्टिकल रिपोर्टर असे होते.

या वृत्तांतात चार जिल्हे होते: पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड. जिल्हा म्हणजे तेव्हाच्या भाषेत कलेक्टरी. १८२४ चे वर्ष धारवाडसाठी शांततेचे नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरात कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत धारवाडचे कलेक्टर थॅकरे ठार झाले आणि त्यांचे तरुण सहायक वॉल्टर एलियट कैदेत पडले. इंग्रजांचे राज्य येथे अजून नवखे होते आणि लोकांनी ते मनाने स्वीकारलेले नव्हते. अशा मुलखात किती गावे, किती घरे, किती नांगर, कोणती मापे, कोणत्या पिकाला काय भाव, अशी विचारणा करीत सरकारी माणूस फिरू लागला की रयतेला त्यामागे सारावाढीचा वास येणारच. तो संशय निराधार नव्हता. या मोजणीचा एक हेतू महसूल हाच होता.

साइक्स यांचे वेगळेपण असे, की सारा ठरविण्यास ज्याचा काडीचाही उपयोग नव्हता तेही त्यांनी मोजले. हवेचा दाब दिवसातून कितीदा चढतो-उतरतो, याची निरीक्षणे त्यांनी वर्षानुवर्षे घेतली आणि १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. दख्खनमधील दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी त्यांनी केली. पक्ष्याच्या जठरात काय सापडले, हेही ते टिपून ठेवीत. आपल्या माळरानावरील लांडग्याचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३१ मध्ये केले. माळावर गाणारा एक लहानसा तुरेवाला चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. १८२९ मध्ये काटकसरीसाठी हे पदच रद्द करण्यात आले. साइक्स यांनी मात्र हातातले काम टाकले नाही. जानेवारी १८३१ पर्यंत ते वृत्तांत पुरा करीत राहिले आणि मगच मायदेशी गेले. सरकारने बंद केलेले काम स्वतःच्या हौसेने तडीस नेणारे अधिकारी त्या काळीही विरळाच होते.

धारवाडच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्राणिजीवनाचे साइक्स यांचे निरीक्षण प्रामुख्याने पुणे-नगरच्या बाजूचे आहे. धारवाडकडील उणीव भरून काढली ती कित्तूरच्या कैदेतून सुटलेल्या वॉल्टर एलियट यांनी. ते १८३३ पर्यंत धारवाडात राहिले आणि दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची त्यांची यादी १८३९ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात आली. त्याच वर्षी साइक्स यांचे दख्खनच्या माशांवरील टिपण लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तात छापून आले. दोघांपैकी कोणीही व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हता.

माशांचे हे टिपण मराठी वाचकाने आवर्जून पाहावे असे आहे. त्या काळी नव्या प्राण्याला लॅटिन किंवा ग्रीक नाव देण्याची, नाहीतर एखाद्या उमरावाच्या नावाने त्याचे बारसे करण्याची रीत होती. साइक्स यांनी काही मासे आपल्या परिचितांच्या नावे केले. परंतु बऱ्याच माशांची नावे त्यांनी नदीकाठच्या भोई-कोळ्यांना विचारली आणि जशी कानी पडली तशी रोमन लिपीत उतरवली. शिंगटी, कुतुरणी, गोगरा, कोळस, नुकटा ही नावे अशीच जगभरच्या ग्रंथांत गेली. नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुकटा आजही शास्त्रात नुकटाच आहे. ही नावे सांगणाऱ्या भोयांची स्वतःची नावे मात्र कोठेच लिहिलेली नाहीत.

या यादीत एक मासा खुद्री नावाचा आहे. पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या नमुन्यावरून साइक्स यांनी त्याचे वर्णन केले. हाच दख्खनचा महासीर. मोठे खवले, निळसर झाक असलेले पर आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची विलक्षण ताकद ही त्याची लक्षणे. कृष्णेच्या खोऱ्यात, म्हणजे पर्यायाने मलप्रभेच्याही नदीकुळात, तो पूर्वापार राहत आला आहे.

साइक्स यांच्या नावाशी एका खेकड्याचाही संबंध आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पठारांत बिळे करून राहणाऱ्या खेकड्यावर त्यांनी लिहिलेले टिपण १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाकडून प्रसिद्ध झाले. समुद्रातील कुर्लीची अंडी फुटून सूक्ष्म पिले पाण्यात तरंगत निघून जातात. घाटमाथ्यावरील खेकड्याला समुद्र कोठून मिळणार? त्याची मादी मोजकी पण मोठी अंडी पोटाखालच्या झडपेत धरते. त्यांतून निघालेली, आईबापांसारखीच दिसणारी चिमुकली पिलेही ती काही काळ तेथेच सांभाळते. पहिल्या पावसात बिळाबाहेर आलेली अशी एक मादी कोणी उचलली, तर तिच्याबरोबर सबंध एक पिढी टोपलीत जाते.

मायदेशी गेल्यावर साइक्स यांचा उत्कर्ष झाला. १८३३ मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्षही झाले. मनोरुग्णांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयोगावर त्यांनी सुमारे दहा वर्षे काम केले. १८४० मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर त्यांची निवड झाली आणि १८५६ मध्ये ते त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या उंबरठ्यावर कंपनी सरकारच्या शिखरावर हेच गृहस्थ होते. जिल्ह्याजिल्ह्यांतील नांगर मोजणाऱ्याला रयतेच्या आणि शिपायांच्या मनातील असंतोष का मोजता आला नाही, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारावा असा आहे. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात होते. चीनमधील तायपिंग बंडाच्या संदर्भात इंग्रज सरकारच्या धोरणावर त्यांनी उघड टीका केली. फाहियानच्या प्रवासवर्णनाच्या आधारे प्राचीन भारतावर त्यांनी लेखन केले, आणि हवामानाच्या अभ्यासासाठी आकाशात बलून सोडण्याच्या ब्रिटिश असोसिएशनच्या उपक्रमातही ते पुढे होते. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

साइक्स यांनी माणसांची आणि पिकांची गणती केली. माशांच्या यादीत मात्र जाती आहेत, संख्या नाहीत. कोणत्या नदीत कोणता मासा किती होता, हे त्यांच्या टिपणावरून कळत नाही. त्यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, मद्रासच्या वैद्यकीय सेवेतील फ्रान्सिस डे यांनी भारतातील गोड्या पाण्यातील माशांवर सरकारला अहवाल सादर केला. अंडी घालण्यास निघालेल्या माशांची आणि लहान पिलांची सरसकट कत्तल होत असल्याची तक्रार त्यात होती. १८९७ मध्ये मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास त्याने बंदी घातली. कायदा कागदावर राहिला, सुरुंगाची दारू मात्र सर्वत्र मिळत राहिली.

खुद्रीवर संकट आले ते दोन बाजूंनी. एक दारूचे आणि विषाचे. दुसरे धरणांचे. हा मासा पावसाळ्यात वरच्या अंगाला, खडकाळ आणि स्वच्छ वाहत्या पाण्याकडे अंडी घालण्यास जातो. मादी नरापेक्षा मोठी होते, त्यामुळे गळाला किंवा जाळ्याला लागलेला सर्वात भरदार मासा बहुधा मादीच असतो आणि तिच्या पोटात गाबोळी असते. रोहू-कटल्याच्या मानाने महासीरची अंडी संख्येने थोडी. जेथे मादी गेली तेथे भरून निघण्यास वर्षे लागतात. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर किंवा दक्षिण कन्नडमधील शिशिल येथे देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. तेथे ते दोन हातांवर येऊन पोहतात. जेथे देव राखायला नव्हता तेथे ते दिसेनासे झाले.

परतीची वाट निघाली ती लोणावळ्याहून. टाटांच्या वीज कंपन्यांनी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीत जी धरणे बांधली, त्यांपैकी वळवणच्या जलाशयाकाठी मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी १९७० च्या दशकात तेथे खुद्रीच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र बसविले. हे तंत्र ऐकायला सोपे वाटते. पूर्ण तयार झालेली मादी जलाशयातून हलकेच पकडायची, तिच्या पोटावरून हात फिरवून अंडी परातीत उतरवून घ्यायची, नराचे वीर्य त्यावर मिसळायचे आणि मादीला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. मादी मरत नाही, पुढच्या वर्षी ती पुन्हा येते. वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पिले वाढवून त्यांची बोटुकली देशभरच्या जलाशयांत आणि नद्यांत पाठविण्यात आली. ज्या धरणांनी माशाची वाट अडवली, त्यांपैकीच एकाच्या काठी त्याची बीजे तयार झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये खुद्रीला संकटग्रस्त ठरविले होते. नंतरच्या मूल्यांकनात तो कमी चिंतेच्या वर्गात आला.

येथे थांबता आले असते तर ही गोष्ट सुखान्त झाली असती. लोणावळ्याची बोटुकली कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा एक महासीर आहे, पाठीवर वशिंडासारखा फुगवटा असलेला, नारिंगी परांचा. जगातील सर्वात मोठ्या महासीरांत त्याची गणना होते. कर्नाटकातील गालिबोरे येथील मासेमारी छावणीत गळाने मासे धरून सोडून देणाऱ्या हौशी मंडळींनी आपल्या नोंदी ठेवल्या होत्या. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी अभ्यासकांनी २०१५ मध्ये तपासल्या. गळाला लागणाऱ्या महासीरांची संख्या वाढत होती. आकडा पाहून कोणीही सुधारणा झाली असेच म्हणाला असता. प्रत्यक्षात वाढला होता तो बाहेरून आलेला निळ्या परांचा खुद्री, आणि कावेरीचा वशिंडवाला जवळजवळ नाहीसा झाला होता. २००७ मध्ये केरळातील पांबार नदीतून वर्णन केलेली जात आणि हा वशिंडवाला एकच, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. तोवर त्याची खातरीशीर शास्त्रीय ओळखच ठरलेली नव्हती. आता तो अतिसंकटग्रस्त आहे. मुळेकाठच्या माशाला १८३९ मध्ये नाव मिळाले म्हणून त्याचे जाणे आणि येणे दोन्ही लोकांच्या ध्यानात आले. कावेरीच्या माशाला हे भाग्य फार उशिरा लाभले.

अमेरिकेतील चेसापीक उपसागरात निळ्या खेकड्याची गणती १९९० पासून दर हिवाळ्यात होते, आणि त्यात माद्या वेगळ्या मोजल्या जातात. तेथे २००८ मध्ये माद्यांची पकड सुमारे एक तृतीयांशाने कमी करण्याचा निर्णय मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांनी घेतला. चिखलात हिवाळा काढणाऱ्या माद्या खरवडून काढणारी व्हर्जिनियाची मासेमारी बंद झाली आणि पुढील दोन वर्षांत संख्या लक्षणीय वाढली. ती टिकून राहिली असे नाही. २०२२ च्या मोजणीत एकूण संख्या नीचांकावर होती. पण चढ कधी आला आणि उतार कधी लागला, हे तेथील लोकांना आकड्यांनिशी ठाऊक आहे.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते, ती मासळीच्या विणीचा काळ म्हणून. नेमक्या त्याच दिवसांत, मृगाच्या पहिल्या सरींनंतर, ओहोळांत आणि शेतांच्या बांधांवर चढणीचे मासे पकडण्याची धांदल उडते. गोव्यात, कोकणात आणि घाटावरही ही हौस जुनी आहे, आणि ती चुकीची आहे असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. प्रस्तुत लेखकानेही लहानपणी टोपली घेऊन ओहोळात धाव घेतली आहे. चढणीला निघालेल्या माशांत गाबोळीने भरलेल्या माद्याच पुष्कळ असतात, आणि खाणाऱ्याला त्याचेच अप्रूप असते.

म्हादई जलविवाद लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले. त्यातील ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळविण्यास मुभा आहे, आणि त्यात हुबळी-धारवाडच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न गुंतलेला आहे. दोन्ही बाजूंच्या माणसांची गरज तेथे दशांशापर्यंत मोजली गेली. पावसाळ्यात या नाल्यांतून वर चढणाऱ्या माशांना किती पाणी हवे आणि कोणत्या आठवड्यात हवे, याचा आकडा मात्र सार्वजनिक वादात कोणीच उच्चारत नाही. त्यासाठी प्रथम कोणते मासे तेथे चढतात याची, त्यांच्या स्थानिक नावांसह, ओहोळागणिक यादी लागेल. तशी यादी करायला बसणाऱ्याला साइक्स यांचेच टिपण आधी उघडावे लागेल.